नांगर धरलेला राष्ट्राध्यक्ष आणि न ऐकणारा सेनापती

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हटलं की आपल्याला वाटतं, हा माणूस बोट दाखवील तिकडे फौज धावते आणि कचेरीतले बाबू उभे राहतात. हॅरी ट्रुमन १९४५ ते १९५३ या काळात त्या खुर्चीवर बसले. लष्कर, बाबू, संसद आणि कोर्ट, चौघांनीही त्यांना दाखवून दिलं की हुकूम सोडणं वेगळं आणि तो खालपर्यंत चालणं वेगळं.

ट्रुमन यांचा जन्म ८ मे १८८४ चा, मिसुरी राज्यातल्या लामार गावी. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. १९०१ ला हायस्कूल संपलं, पण घरची परिस्थिती बिघडल्यामुळे कॉलेज झालं नाही. लष्करी अकादमीत जायचं होतं, डोळ्यांमुळे ते राहिलं. कॅन्सस सिटीत बँकेत कारकुनी केली आणि १९०६ ला ग्रँडव्ह्यूच्या शेतावर परत आले. शेत आजीचं, सुमारे ६०० एकर. ऐकायला मोठं वाटतं, पण आजी वारल्यावर मृत्युपत्रावरून भाऊबंदकी सुरू झाली, दावा कोर्टात गेला आणि तडजोडीपायी जमीन गहाण पडली. मका, गहू, ओट ही पिकं, घोडे-खेचरं जुंपून नांगरट. अकरा वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्यानंतर आजवर पदवी नसलेला माणूस तिथं राष्ट्राध्यक्ष झालेला नाही.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले, तोफखान्याच्या तुकडीचे कॅप्टन झाले. परत येऊन कपड्यांचं दुकान टाकलं, ते १९२२ ला बुडालं. देणी कितीतरी वर्षं फेडत होते. त्याच वर्षी राजकारणात आले, तेही कॅन्सस सिटीचा पुढारी टॉम पेंडरगास्ट याच्या पाठिंब्यावर. हा पुढारी पुढे करचुकवेगिरीत तुरुंगात गेला. ट्रुमन यांनी पैसा खाल्ल्याचं मात्र कुणाला दाखवता आलं नाही. १९३४ ला ते सिनेटवर निवडून गेले आणि सिनेटर असतानाच, १९४० ला, थकलेल्या कर्जापोटी त्यांच्या आईच्या ताब्यातलं तेच शेत लिलावात गेलं. म्हातारी आई गावातल्या लहानशा घरात राहायला गेली. आपल्याकडचा एखादा खासदार डोळ्यांपुढे आणा आणि विचार करा!

सरकारी यंत्रणा आतून कशी चालते हे ट्रुमन १९४१ ला शिकले. लष्कराच्या छावण्या बांधायची कामं धडाक्यात सुरू होती. खर्च होईल तो सरकारचा आणि वर ठेकेदाराचा नफा ठरलेला, मग काटकसर कोण करणार? ट्रुमन स्वतःची गाडी काढून छावण्या बघत फिरले आणि सिनेटची चौकशी समिती नेमायला लावली. स्वतःच तिचे अध्यक्ष झाले. या समितीने युद्धाच्या काळात सरकारचा प्रचंड पैसा वाचवला. तिच्यामुळेच त्यांचं नाव देशभर झालं आणि जानेवारी १९४५ ला ते उपराष्ट्राध्यक्ष झाले.

८२ दिवसांनी, १२ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट वारले. शपथ झाल्यावर युद्धमंत्र्यांनी ट्रुमन यांना बाजूला घेऊन एका नव्या भयंकर अस्त्राबद्दल दोन शब्द सांगितले. सगळी माहिती मिळाली ती २५ एप्रिलला. म्हणजे देशातला दोन नंबरचा माणूस, आणि अणुबॉम्बचं काम त्याला नीट ठाऊक नव्हतं.

त्या बॉम्बचा हुकूम कसा निघाला ते बघण्यासारखं आहे. २५ जुलै १९४५ ला हवाई दलाच्या सेनापतीला लेखी आदेश गेला. पहिला बॉम्ब ३ ऑगस्टच्या सुमारास हवा बघून टाका आणि पुढचे तयार होतील तसतसे टाकत जा, असा त्याचा अर्थ होता. ६ ऑगस्टला हिरोशिमा जळालं. ९ ऑगस्टच्या नागासाकीसाठी राष्ट्राध्यक्षाकडून नवा हुकूम घ्यायची गरजच पडली नाही, पहिल्याच कागदात सगळं बसत होतं. १० ऑगस्टला ट्रुमन यांनी सांगितलं की यापुढे आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय एकही बॉम्ब टाकायचा नाही. ही किल्ली तेव्हापासून राष्ट्राध्यक्षाकडे आहे. हिरोशिमा-नागासाकीची जबाबदारी ट्रुमन यांच्यावर राहते, ती कागदावर ढकलता येत नाही. त्यांनी स्वतःही ती कधी ढकलली नाही.

युद्ध संपल्यावर १९४७ ला नवा कायदा झाला. तोवर भूदल आणि नौदल यांची खाती वेगवेगळी आणि आपसात चढाओढ. या कायद्याने हवाई दल स्वतंत्र झालं, तिन्ही दलांवर एक संरक्षणमंत्री आला, राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि सीआयए ही गुप्तचर संस्था निघाली. त्यातली अट मोठी होती. संरक्षणमंत्री साधा नागरिक हवा, आणि तो लष्करी अधिकारी असेल तर गणवेश उतरवून तेव्हा १० वर्षं झालेली लागत. १९५० ला ट्रुमन यांना जनरल मार्शल हवे होते, तर त्या एका माणसासाठी संसदेकडून वेगळा कायदा करून घ्यावा लागला. (तिकडे संसदेला काँग्रेस म्हणतात, आपल्या पक्षाशी त्याचा संबंध नाही.)

जुलै १९४८ ला त्यांनी हुकूम काढला की सैन्यात काळ्या-गोऱ्यांना सारखी वागणूक द्यायची. काळ्या सैनिकांच्या तुकड्या तेव्हा वेगळ्या असत. यासाठी संसदेची मंजुरी लागत नव्हती. तरी भूदलाचे अधिकारी रेंगाळले. समित्या झाल्या, अहवाल झाले, फाईल फिरत राहिली. कोरियाच्या युद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा कुठं गाडी हलली. शेवटची वेगळी तुकडी मोडली १९५४ ला, तोवर ट्रुमन घरी गेले होते. फाईल कशी झोपते हे तहसिलीत खेटे घातलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

बाबूंच्या बाबतीत त्यांच्या हातून वाईटही घडलं. कम्युनिस्टांच्या भीतीने १९४७ ला त्यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू केली. लाखो लोकांची चौकशी झाली. आपल्यावर कुणी आरोप केला हेदेखील अनेकांना कळलं नाही आणि त्यात निर्दोष माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

खरी परीक्षा झाली कोरियात. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला. ट्रुमन यांनी संसदेकडून युद्धाची घोषणा न घेताच फौज उतरवली. सेनापती होते डग्लस मॅकआर्थर, पाच ताऱ्यांचे जनरल, जपानचा कारभार चालवणारे, देशाचे लाडके. सप्टेंबरमध्ये इंचॉनला त्यांनी बाजी उलटवली. मग फौज उत्तरेत घुसली. असं कराल तर आम्ही उतरू, असा इशारा चीनने ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांच्यामार्फत पोचवला होता. वॉशिंग्टनने तो मनावर घेतला नाही. ऑक्टोबरच्या मध्याला वेक बेटावर मॅकआर्थर यांनी ट्रुमन यांना चीन येण्याची शक्यता फार कमी असल्याचं सांगितलं. थोड्याच दिवसांत चिनी फौजा आल्या आणि अमेरिकेला मागं हटावं लागलं.

मॅकआर्थर यांना आता चीनवरच युद्ध न्यायचं होतं. ट्रुमन यांना तिसरं महायुद्ध नको होतं. धोरणावर जाहीर बोलण्याआधी मंजुरी घ्या, असा आदेश डिसेंबरमध्ये निघाला होता. मार्च १९५१ ला ट्रुमन तडजोडीची तयारी करत असताना मॅकआर्थर यांनी परस्पर चीनला दमबाजीचं निवेदन काढलं. मग विरोधी पक्षनेत्याला लिहिलेलं त्यांचं पत्र संसदेत वाचलं गेलं. ट्रुमन यांनी संरक्षणमंत्री मार्शल आणि तिन्ही दलांच्या प्रमुखांचं मत घेतलं. काढावं, असंच सगळ्यांचं मत पडलं.

११ एप्रिल १९५१. भूदलाच्या मंत्र्याने हुकूम हातोहात द्यायचा असं ठरलं होतं, पण ते होते कोरियात आणि निरोप त्यांना वेळेत मिळाला नाही. बातमी फुटणार अशी कुणकुण लागली म्हणून रात्री एक वाजता पत्रकारांना बोलावून जाहीर केलं. एवढ्या मोठ्या सेनापतीला आपली बडतर्फी रेडिओच्या बातमीतून कळली. मॅकआर्थर परतले तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोकांचा पूर लोटला. ट्रुमन यांचे पुतळे जाळले गेले, लोकप्रियता पुढे २२ टक्क्यांवर आली. पण सैन्यातून एकानेही बंड केलं नाही. रिजवे यांनी सूत्रं घेतली आणि युद्ध चालू राहिलं. संसदेच्या चौकशीत खुद्द वरिष्ठ जनरलांनी ट्रुमन यांची बाजू घेतली. या युद्धात ३६ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गेले, कोरियन माणसं तर लाखांनी मेली.

त्याच वर्षी भारतात धान्याची टंचाई होती. फेब्रुवारीत ट्रुमन यांनी भारताला २० लाख टन धान्य द्यावं असं संसदेला सांगितलं. पण पैशाची थैली संसदेकडे. कोरियाबाबत नेहरूंच्या भूमिकेवर रागावलेल्या सभासदांनी महिनोन् महिने काढले. जूनमध्ये कायदा झाला तो १९ कोटी डॉलरचा, मदत नव्हे, कर्ज म्हणून.

एप्रिल १९५२ ला पोलाद कारखान्यांत संप होणार होता. रणगाडे अडतील म्हणून ट्रुमन यांनी कारखानेच सरकारच्या ताब्यात घेतले. मालक कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाचे नऊही न्यायाधीश रुझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले. तरी २ जूनला सहा विरुद्ध तीन असा निकाल गेला, की कायद्याचा आधार नसताना राष्ट्राध्यक्षाला हे करता येत नाही. ट्रुमन यांनी नेमलेल्यांपैकी दोघे विरोधात होते. निकाल त्यांना अजिबात पटला नाही. पण कारखाने त्याच दिवशी मालकांना परत केले. संप झाला, आठवडेच्या आठवडे चालला.

२० जानेवारी १९५३ ला जनरल आयझेनहॉवर यांच्याकडे पद सोपवून ट्रुमन रेल्वेने इंडिपेंडन्स गावी घरी गेले. जाण्याआधी ते जवळच्यांना म्हणत की या बिचाऱ्या जनरलला सवय लष्कराची, इथं हुकूम देईल आणि काहीच हलणार नाही. माजी राष्ट्राध्यक्षाला तेव्हा पेन्शन नव्हती, लष्कराची थोडीशी होती तेवढीच. आईची जमीन पुढे घरच्यांनी परत मिळवली होती, त्यातली काही विकली. १९५८ ला कायदा होऊन वर्षाला २५ हजार डॉलर सुरू झाले. २६ डिसेंबर १९७२ रोजी, आपल्याकडे दुष्काळी कामांवर लोक खडी फोडत होते त्या हिवाळ्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. इंडिपेंडन्समध्येच, त्यांच्या कागदपत्रांच्या ग्रंथालयाच्या अंगणात त्यांना पुरलं आहे.