सर विल्यम लायन्स : जॅग्वारचे शिल्पकार

टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन ब्रिटिश उद्योग २ अब्ज ३० कोटी डॉलरना विकत घेतले. त्यामुळे जॅग्वार हे नाव भारतात घरोघरी पोहोचले. या मोटारीचे जनक सर विल्यम लायन्स यांच्या निधनाला तेव्हा २३ वर्षे लोटली होती.

लायन्स यांचा जन्म ४ सप्टेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या शहरात झाला. त्यांच्या वडिलांचे वाद्यांचे दुकान होते. मँचेस्टरच्या क्रॉसली मोटर्समध्ये काही काळ उमेदवारी केल्यानंतर त्यांनी १९२२ मध्ये विल्यम वॉम्सली यांच्या भागीदारीत स्वॅलो साइडकार ही कंपनी स्थापन केली. १९२७ मध्ये ऑस्टिन सेव्हन या छोट्या मोटारीवर देखणी बॉडी चढवून ते मोटार व्यवसायात उतरले आणि पुढच्याच वर्षी कारखाना कॉव्हेंट्रीला नेला. १९३५ मध्ये त्यांच्या एसएस मोटारींना जॅग्वार हे नाव मिळाले. जर्मनीतील नाझींच्या संघटनेमुळे एसएस ही अक्षरे बदनाम झाल्याने १९४५ मध्ये कंपनीचेही नाव जॅग्वार असे करण्यात आले.

आरेखनाचे रीतसर शिक्षण नसतानाही मोटारीच्या रूपावर लायन्स यांचाच शब्द अखेरचा असे. लाकूड आणि पत्र्याची पूर्णाकृती प्रतिकृती आपल्या निवासस्थानी आणवून ते ती दिवसाउजेडी न्याहाळत आणि मनाजोगती रेषा साधेपर्यंत बदल करवून घेत. १९५९ मध्ये आलेली मार्क टू ही सलून मोटार या दृष्टीचे उत्तम उदाहरण होय. लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या बैठका, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि ३.८ लिटर इंजिनासह ताशी सुमारे २०० किलोमीटर वेग, हे सारे तिने तुलनेने कमी किमतीत दिले. ब्रिटिश पोलिसांनी ती गस्तीसाठी वापरली, तर दरोडेखोरांनी पलायनासाठी.

या यशाला दुःखाची किनार होती. जून १९५५ मध्ये ल मान्सच्या शर्यतीसाठी निघालेले त्यांचे एकुलते एक पुत्र जॉन फ्रान्समध्ये मोटार अपघातात मृत्युमुखी पडले. ती शर्यत जॅग्वारने जिंकली. मात्र कंपनीचा वारस हरपला होता. १९५६ मध्ये लायन्स यांना सर हा किताब मिळाला. १९५७ मध्ये कारखान्याला भीषण आग लागली, तरी त्यांनी अल्पावधीत उत्पादन पुन्हा सुरू केले.

जॅग्वारच्या बॉडी तयार करणारी प्रेस्ड स्टील ही कंपनी १९६५ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली. पुरवठ्याची चिंता आणि वारसाचा अभाव अशा स्थितीत लायन्स यांनी १९६६ मध्ये जॅग्वार त्याच समूहात विलीन केली. १९६८ मध्ये हा समूह ब्रिटिश लेलँडचा भाग बनला. त्याच वर्षी आलेली एक्सजे सिक्स ही त्यांच्या देखरेखीखाली साकारलेली अखेरची सलून ठरली. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले. पुढील दशकात ब्रिटिश लेलँड सरकारच्या मालकीची झाली, जॅग्वारचा दर्जा घसरला आणि तिची स्वतंत्र ओळख पुसली जाण्याची वेळ आली.

अखेर १९८४ मध्ये जॅग्वार पुन्हा स्वतंत्र कंपनी झाली. हा दिवस पाहण्याचे भाग्य लायन्स यांना लाभले. ८ फेब्रुवारी १९८५ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.