एक्स्प्लेनर : सलीम अलींच्या हातात बंदूक का होती? तुमच्या उडत्या पक्ष्याच्या फोटोशी तिचा काय संबंध?

थंडी पडायला लागली की नांदेड-लातूरकडच्या स्टेटसवर पक्षी दिसू लागतात. विष्णुपुरीच्या पाण्यावरून सुसाट जाणारा नदी सुरय, रब्बीच्या रानावर घिरट्या घालणारा भोवत्या. यातले निम्मे फोटो हललेले असतात. माझे तर जवळपास सगळेच.

मराठीत 'टिपणे' हे क्रियापद मजेशीर आहे. पाखरू दाणे टिपतं, शिकारी पाखरू टिपतो आणि फोटोग्राफरही पाखरूच टिपतो. भारताचे 'बर्डमॅन' डॉ. सलीम अली यांची गोष्ट यातल्या शिकाऱ्याच्या अर्थापासून सुरू होते.

एअरगन आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातात एअरगन आली. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना.

मेलेली चिमणी घेऊन मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) गेला. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी तिची जात ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. पुढचं सगळं आयुष्य त्या कप्प्यांतून निघालं.

मधली काही वर्षं ब्रह्मदेशात खाणीच्या धंद्यात गेली. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गाइडची नोकरी, मग बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचं शिक्षण. १९३० मध्ये परतले तर नोकरीच राहिली नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरणीची घरटी रोज बघत बसले. नर एकामागून एक घरटी विणतो, प्रत्येक घरट्यात वेगळी मादी येते, हे त्यांनी नुसत्या निरीक्षणातून मांडलं. एकही गोळी न झाडता केलेलं हे त्यांचं काम आजही गाजतं.

निजामाच्या राज्यातली मोजदाद

बेकार अलींनी एक प्रस्ताव पुढे केला. संस्थानांनी फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, पक्ष्यांचं सर्वेक्षण मी फुकट करतो. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचं सर्वेक्षण झालं. तेव्हा नांदेड निजामाच्याच राज्यात होतं. लातूरही तिथेच, पण उस्मानाबाद जिल्ह्यात. (लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.) म्हणजे आपल्या भागाचा समावेश असलेल्या संस्थानातल्या पक्ष्यांची पद्धतशीर नोंद एका नोकरी गेलेल्या माणसाने केली. तेहमिना छावणीत सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचं निधन झालं. अलींनी दुसरं लग्न केलं नाही.

या सर्वेक्षणांत पक्षी मारले जात, हे लपवण्यात अर्थ नाही. अलींनीही ते कधी लपवलं नाही.

मग मारायचे कशाला?

कारण ओळख पटवायला पक्षी हातात लागायचा. पंखाची लांबी मोजायची, शेपटीचे पट्टे बघायचे, कातडी सोलून, वाळवून, तारीख-ठिकाणाची चिठ्ठी बांधून ठेवायची. लांबून पाहिलं असं म्हटलं तर शास्त्रज्ञ मान्य करत नसत.

भोवत्याचंच घ्या. हिवाळ्यात दख्खनच्या माळांवर येणाऱ्या माँटेग्यू आणि पॅलिड या दोन भोवत्यांच्या माद्या सारख्याच तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. फरक कळतो तो मुख्यतः गळ्याभोवतीच्या फिकट पट्टीवरून आणि पंखाच्या खालच्या बाजूच्या पट्ट्यांवरून. बसलेल्या पक्ष्याचा पंख मिटलेला असतो, म्हणजे हे पट्टे दिसायला तो उडताना तरी पाहायचा, नाहीतर मेलेल्या पक्ष्याचा पंख ताणून. अलींच्या तरुणपणी दुसराच मार्ग खात्रीचा होता.

तेव्हा कॅमेरा नव्हता का?

होता. फ्रान्सच्या एत्येन-ज्युल मारे यांनी १८८२ मध्ये चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. नेम धरून घोडा दाबला की सेकंदाला १२ चित्रं. पण चित्रं अगदी छोटी. पंख कसा हलतो हे कळायचं, पिसावरची नक्षी नाही.

इथे थोडं गणित करू (इंजिनीअरिंगची चार वर्षं कुठेतरी वापरायला हवीत). ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला १० मीटर जातो. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो २० सेंटीमीटर पुढे सरकतो. १/१००० ला १ सेंटीमीटर, १/४००० ला अडीच मिलिमीटर. पंखाचं टोक याहून वेगात असतं. इतक्या कमी वेळात चित्र उमटायला भरपूर प्रकाश किंवा अतिसंवेदनशील फिल्म हवी, आणि त्या काळच्या फिल्म मंद होत्या. म्हणून तेव्हाचे बहुतेक पक्षी-फोटो घरट्यावरचे, आडोशाला लपून काढलेले.

अलींचे मित्र लोके वान थो अशा फोटोंसाठी नावाजले गेले. सिंगापूरचे हे सिनेमा उद्योजक १९४२ मध्ये जपानी हल्ल्यातून निसटताना जहाजावर बॉम्ब पडून भाजले होते, काही काळ दृष्टीही गेली होती. भारतात आल्यावर अलींशी मैत्री जमली आणि पुढे दोघे कॅमेरा घेऊन एकत्र फिरले. १९६४ मध्ये तैवानमधल्या विमान अपघातात लोके गेले. बीएनएचएसच्या पक्षी-पुस्तकमालेला अलींसोबत त्यांचंही नाव आहे.

अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये आलं होतं. नंतर डिलन रिप्ली यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ, पद्मविभूषण, राज्यसभा. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून स्थलांतर शोधण्याचं बीएनएचएसचं मोठं कामही त्यांच्याच पुढाकाराने झालं. पक्षी पकडायचा, कडी घालायची, सोडून द्यायचा. १९८७ मध्ये, नव्वदीत, ते गेले. त्यांनी आजचा मोबाइल पाहिला नाही.

तुमचा फोटो काय करू शकतो?

उघडलेल्या पंखाचा स्पष्ट फोटो पूर्वी कातडीवरून होणारं ओळखीचं बरंचसं काम करतो. भोवत्या नर असेल आणि पंखाच्या वरच्या बाजूला काळी आडवी रेघ दिसली तर तो माँटेग्यू. मादी असेल तर पंखाची खालची बाजू हवी, म्हणजे ती डोक्यावरून जाताना काढा.

मोबाइलवर प्रो मोड असेल तर शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. ऊन पाठीशी घ्या, पक्ष्यासोबत फोन फिरवत राहा आणि बर्स्ट दाबून धरा. तीस फोटोंतला एक लागतो. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, पिल्लं उपाशी राहतात. आणि फोटो थोडा हललेला असला तरी लगेच डिलीट करू नका. पंखाचे पट्टे दिसत असतील तर तारीख आणि गावाचं नाव टाकून 'ई-बर्ड'वर चढवा. अलींच्या कातड्यांना बांधलेल्या चिठ्ठीवरही हेच दोन तपशील असत.