नानशूचौची गोरी सून

पर्ल बकचं नाव आपण नोबेलच्या यादीत पाठ करतो, आणि पुढे जातो. मला मात्र तिची नानशूचौमधली वर्षं जास्त खुणावतात. १९१७ साली लग्न होऊन ती आनह्वे प्रांतातल्या या गरीब गावात आली. नवरा जॉन शेतीतज्ज्ञ, पण शेतकऱ्यांशी बोलायला दुभाषी हीच! जन्म अमेरिकेतला, तरी मिशनरी आईबापांनी तिला तान्हेपणीच चीनला नेलेलं. चिनी तिला घरच्यासारखी यायची. गावातल्या बायकांच्या घरी जाऊन ती बसायची, त्यांची सुखदुःखं ऐकायची. दुष्काळ, जमिनीचा हव्यास, मुलगी झाली म्हणून पडलेली तोंडं, हे सगळं पुढे १९३१च्या ‘द गुड अर्थ’मध्ये उतरलं.

तरी परकेपण सुटलं नाहीच. १९२७मध्ये नानजिंगला सैनिक परदेशी लोकांवर उठले, तेव्हा एका गरीब चिनी बाईनं या कुटुंबाला आपल्या खोपटात लपवलं. १९३४ला तिनं चीन सोडला तो कायमचा. म्हातारपणी, १९७२ला, परत जायचं म्हटलं तर चीननं व्हिसाच नाकारला. मला हे फार लागलं.

पुढच्याच वर्षी ती गेली. पेन्सिल्व्हेनियातल्या तिच्या थडग्यावर इंग्रजीत नाव नाही. नुसती तीन चिनी अक्षरं आहेत.