कर्नाटकचे शहाजीराजे

शिवचरित्राच्या पहिल्या दोन-तीन पानांत शहाजीराजे येतात आणि मग कर्नाटकात निघून जातात. तेथून पुढे पुस्तक पुण्याचा रस्ता धरते. पुन्हा त्यांची गाठ पडते ती एकदम कैदेच्या प्रसंगी, आणि नंतर मृत्यूच्या एका ओळीत. मधली सव्वीस-सत्तावीस वर्षे हा पुरुष कर्नाटकात काय करीत होता, कोठे राहत होता, त्याने तिकडे घर कसे मांडले, हे विचारण्याची उसंत पुस्तकाला नसते. पुण्या-साताऱ्याच्या विद्यार्थ्याला ती नसली तर समजण्यासारखे आहे. परंतु आपण कर्नाटकात राहून मराठी शिकलेली मुले. ज्या नियतकालिकाचे अर्धे अंग मराठी व अर्धे कन्नड आहे त्यात लिहिणारी. आपल्याला तरी हा प्रश्न पडावयास हवा.

शहाजीराजे हे वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे थोरले पुत्र. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या कृपेने मुले झाली अशी श्रद्धा, म्हणून एकाचे नाव शहाजी व धाकट्याचे शरीफजी. त्यांचा विवाह सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्येशी, म्हणजे जिजाबाईंशी झाला. (मेहकरचा राहणारा म्हटले की परगावचे लोक आम्हाला बुलढाण्याकडचे समजतात. सिंदखेडराजा त्या मेहकराच्या जिल्ह्यात. आमचे मेहकर भालकी तालुक्यातले, ते वेगळे. जिजाबाईंच्या माहेराशी आमचे नाते एवढे नावापुरतेच.)

तरुणपण निजामशाहीच्या चाकरीत गेले. मलिक अंबरच्या हाताखाली १६२४ साली भातवडीची लढाई झाली, तीत शरीफजी पडले. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांचे पुत्र यांची हत्या झाली. सासऱ्याचा असा घात करणाऱ्या दरबारात जावयाने राहावे कसे? शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले आणि परतही आले. या काळातील त्यांच्या पक्षबदलांचा हिशेब मांडून काही लेखक त्यांच्यावर चंचलतेचा ठपका ठेवतात. मला तो पटत नाही. ज्या दरबारात आज मानाची वस्त्रे आणि उद्या मानेवर तलवार, तेथे सरदाराने आपली फौज आणि आपली माणसे जिवंत ठेवणे हीच मोठी कामगिरी होती.

१६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतले, निजामशहा कैदेत पडला. तेव्हा शहाजीराजांनी त्या घराण्यातील एक लहान मूल शोधून काढले, पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने स्वतः कारभार सुरू केला. तीन वर्षे त्यांनी हा डाव चालवला. समोर शाहजहान बादशहा स्वतः दक्षिणेत उतरलेला. अखेर १६३६ च्या मे महिन्यात शाहजहान आणि विजापूरचा मुहम्मद आदिलशहा यांच्यात तह झाला, निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला आणि शहाजीराजे एकटे पडले. वर्षाच्या शेवटी त्यांनी माहुलीचा किल्ला खाली केला. ते मूल मोगलांच्या हाती गेले. शहाजीराजे आदिलशाही चाकरीत शिरले.

त्यांच्या आयुष्याचे दोन भाग या माहुलीपाशी पडतात. ज्याने नुकतीच एक बुडालेली पातशाही तीन वर्षे पाण्यावर धरून दाखवली, त्याला मोगल सरहद्दीजवळ, स्वतःच्या पुणे प्रांतात, ठेवणे दोन्ही बादशहांना परवडणारे नव्हते. पुणे-सुप्याची जहागीर नावावर राहिली, तिचा कारभार दादोजी कोंडदेवांनी पाहावयाचा. खुद्द मालकाने मात्र शेकडो मैल दक्षिणेला जावयाचे. आजच्या नोकरीच्या भाषेत याला बदली म्हणतात, आणि बदली ही बढतीच्या वेषात येते हेही नवे नाही.

रणदुल्लाखान हा विजापूरचा सेनापती. त्याच्याबरोबर शहाजीराजे कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले. इक्केरीच्या नायकावर स्वारी झाली, आणि १६३८ साली फौजा बंगळूरपुढे आल्या. हे गाव केंपेगौडा या नायकाने १५३७ साली वसवलेले, म्हणजे तेव्हा पुरते शंभर वर्षांचे. भोवती मातीचा कोट, आत पेठा, आसपास तळी. गौडांच्या घराण्याने गाव सोडले व ते मागडीला गेले. रणदुल्लाखानाने बंगळूर शहाजीराजांच्या हवाली केले. पुढे होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा सारा टापू त्यांच्या जहागिरीत आला.

जहागीर म्हणजे वतनवाडी नव्हे, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे. दरबार सरदाराला रोख पगार देत नसे. अमुक मुलखाचा वसूल तू घे आणि त्यातून इतके घोडेस्वार बाळग, असा तो व्यवहार. वसूल बुडाला तर स्वार जाणार, स्वार गेले तर जहागीर जाणार. घोडा हेच भांडवल. शिलेदाराचा घोडा त्याच्या घरचा, बारगिराचा सरकारी पागेतला. दोघांच्या चंदीचा, नालांचा, खोगिराचा हिशेब कारकुनाच्या वहीत. तो लिहिण्यासाठी पुणे प्रांतातून मराठी कारकून आणि दप्तरदार दक्षिणेत गेले, ते तेथलेच झाले. आज बंगळूर-म्हैसूरकडे जी जुनी मराठी घराणी आढळतात, त्यांपैकी कित्येकांचा प्रवास येथून सुरू होतो.

ज्वारीच्या मुलखातून ही माणसे नाचणीच्या मुलखात आली. बंगळूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच. उन्हाळा आपल्या बिदर-कलबुर्गीसारखा भाजून काढणारा नाही. पण राजे तेथे घरात बसले होते असे समजू नये. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज निघाली की मृगाचा पाऊस जवळ येईपर्यंत मुक्काम डेऱ्यात. आज कावेरीकाठी, उद्या चंदी-वेलूरकडे, परवा तुंगभद्रेवर. अशा माणसाला घर म्हणजे काय? राहुटीच्या दोऱ्या, घोड्यांची दावण आणि सकाळचा कूच.

या जिण्यात शिकारीला जागा होती ती केवळ करमणुकीची नव्हती. त्या काळच्या सरदाराला शिकार ही लढाईची तालीमच. हरीण जसे वळते तसा घोडा वळवणे, भरधाव असताना भाला रोखणे, पायवाटा, नाले आणि पाणवठे डोळ्यांत साठवणे, हे सारे शिकारीत घडे. आणि ज्या नायकाच्या हद्दीत शिकार करावयाची त्याला आपण येथे आहोत हेही न बोलता कळे. दक्षिणेतील दरबारांत बहिरी ससाणे असत, पाळलेले चित्ते काळविटांवर सोडीत. तुंगभद्रेच्या अलीकडे-पलीकडे माळ आणि रान एकमेकांत मिसळतात, त्यामुळे सावजाला तोटा नसावा. कानडीत शिकारीला बेटे म्हणतात व शिकाऱ्याला बेड. बेडर नायकांची चित्रदुर्ग व सुरपूर येथील राज्ये याच शब्दाची आठवण ठेवून आहेत. शहाजीराजांना दक्षिणेत ज्यांच्याशी कधी लढावे, कधी तह करावा लागला, त्यांतले कित्येक असे रानाचे धनी होते. त्यांच्याशी त्यांचे वागणे पाहिले की एक गोष्ट दिसते. हरलेल्या नायकाला मुळासकट उखडण्याऐवजी खंडणी ठरवून त्याला त्याच्या जागी ठेवावयाचे, याकडे त्यांचा कल असे. दरबारात त्यावरून कुजबुज होई. इकडचा मुलूख बाहेरून आलेल्या फौजेने नुसता चिरडून हाती राहणार नाही, हे त्यांना उमगले होते असे मला वाटते.

मात्र या स्थलांतराची किंमत घराने मोजली. जिजाबाई आणि बाळ शिवाजी थोडा काळ बंगळुरास होते. १६४२ च्या सुमारास ते पुण्यास परतले. थोरले पुत्र संभाजी वडिलांपाशी राहिले. दुसऱ्या पत्नी तुकाबाई मोहिते आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी हेही दक्षिणेतच. म्हणजे एका घराची दोन घरे झाली, मध्ये कृष्णा आणि तुंगभद्रा. पुण्याच्या घरात पुढे जे घडले ते सर्वांना पाठ आहे. त्याचा भार बंगळूरच्या घरावर कसा पडला, हे कमी सांगितले जाते.

१६४८ च्या जुलैत जिंजीच्या वेढ्यात मुस्तफाखानाने शहाजीराजांना पहाटे छावणीतच कैद केले. डेऱ्यात राहणाऱ्या माणसाला डेऱ्यातच गाठले. पायांत बेड्या घालून त्यांना विजापुरास नेण्यात आले. मुलगा तिकडे मावळात किल्ले घेतो आहे आणि बाप इकडे आमची फौज चालवतो आहे, हा दरबाराचा राग. शिवाजीराजांनी मोगल शहाजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार करून विजापूरला धाक घातला, हे खरे. पण सुटका फुकट झाली नाही. १६४९ च्या मे महिन्यात शहाजीराजे सुटले तेव्हा शिवाजीराजांना कोंढाणा सोडावा लागला आणि संभाजीराजांकडून बंगळूरही मागण्यात आले. पुढे बंगळूर पुन्हा शहाजीराजांकडे आले, पण दरबाराचा विश्वास बसला नाही तो नाहीच. १६५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे पडले. अफजलखानाने ऐनवेळी मदत रोखली असा संशय तेव्हापासून आहे. कनकगिरी आज कोप्पळ जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच कल्याण कर्नाटकात. शिवाजीराजांच्या सख्ख्या थोरल्या भावाने येथे देह ठेवला, हे आपल्या भागातल्या किती जणांना ठाऊक असेल?

एवढे सगळे चालू असताना बंगळूरच्या दरबारात कवी जमत होते, आणि हा भाग मला सर्वांत आवडतो. जयराम पिंड्ये नावाचा कवी शहाजीराजांची कीर्ती ऐकून त्यांच्याकडे गेला. त्याने त्यांच्यावर राधामाधवविलासचंपू हा ग्रंथ रचला. त्यात संस्कृत तर आहेच, पण मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि आणखी कितीतरी भाषांतली पद्ये आहेत. निरनिराळ्या प्रांतांचे कवी येऊन आपापल्या भाषेत राजांना कविता ऐकवतात असा देखावा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ साली दीर्घ प्रस्तावनेसह छापला. कानडी मुलखात बसून मराठी राजाने कानडी कविता ऐकावी आणि त्यात कोणाला विशेष काही वाटू नये! सरहद्दीच्या प्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मित्रांनी हा ग्रंथ निदान चाळावा.

१६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला. त्यानंतर पिता-पुत्रांची जेजुरीला भेट झाली, खंडोबाच्या देवळात शिवाजीराजांनी वडिलांचे जोडे उचलले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. इतिहासकार तिच्याबद्दल साशंक आहेत. ती खरी असावी असे मला मनापासून वाटते, पण वाटण्याला कागदाचा आधार नसतो.

१६६४ च्या आरंभी शहाजीराजे बेदनूरच्या बाजूला आदिलशाही मोहिमेवर होते. मुक्काम बसवापट्टणजवळ होदिगेरे येथे. मलनाडचे जंगल संपून मैदान सुरू होते तो हा प्रदेश, आज दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात मोडणारा. माघ शुद्ध पंचमी, २३ जानेवारी १६६४. राजे शिकारीस निघाले. सावजामागे घोडा भरधाव सोडला असता त्याचा पाय रानातल्या वेलीत अडकला, घोडा कोसळला आणि राजेही, असे बखरकार सांगतात. साठीच्या आसपासचा पुरुष, चाळीस वर्षांहून अधिक काळ लढायांत घालवलेला. भातवडी, माहुली, जिंजी या सगळ्यांतून वाचला आणि एका वेलीने गाठला.

त्याच जानेवारीत शिवाजीराजे सुरतेची लूट घेऊन परतत होते. बातमी राजगडास पोहोचली तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या, आणि शिवाजीराजांनी विनवण्या करून त्यांना परावृत्त केले असे सभासद लिहितो. वीस-बावीस वर्षे ज्या पतीपासून दूर राहिल्या त्याच्यामागे चितेवर चढू पाहणारी ती माउली. या ठिकाणी माझ्यासारख्याने अधिक लिहू नये.

मागे उरली ती जहागीर, आणि जहागीर म्हटली की वाटणी आली. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. त्या मराठी राज्याचा शेवट १८५५ साली झाला. १६७७ साली शिवाजीराजे दक्षिणेत उतरले तेव्हा त्यांनी वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला, भावाभावांत तंटा झाला, व्यंकोजीराजे रात्रीतून भेटीचा तळ सोडून निघून गेले. पुढे तडजोड झाली, आणि बंगळूर, होसकोटे हा मुलूख शिवाजीराजांनी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. तंजावराहून एवढ्या दूरचे गाव सांभाळणे जड, म्हणून व्यंकोजीराजांनी अखेर बंगळूर विकावयास काढले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाखांचा सौदा ठरत होता. तोच १६८७ च्या जुलैत मोगल सरदार कासीमखानाने गाव घेतले आणि तितक्याच रकमेस म्हैसूरला दिले. तीन लाखांत बंगळूर! आज त्या रकमेत तेथे मोटार उभी करण्यापुरती जागा मिळाली तरी नशीब.

होदिगेरेची समाधी साधी आहे. उघड्या जागेवर दगडी चौथरा. चित्रदुर्गाहून ती फार लांब नाही. आपल्या भागातल्या महाविद्यालयांच्या सहली हंपी, विजापूर करून फार तर चित्रदुर्गापर्यंत जातात आणि तेथूनच मागे फिरतात. पुढच्या वर्षीचा मार्ग आखताना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी आणखी एक दिवस काढावा, एवढी विनंती.