जेम्स नेस्मिथ : बास्केटबॉलचे जनक

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी बास्केटबॉलचा खेळ स्वतः खेळला नसेल, त्यांनी तो निदान पाहिला तरी खचित असेल. हुतुतू, खो-खो, क्रिकेट हे खेळ प्रथम कोणाच्या डोक्यात आले हे कोणासही सांगता यावयाचे नाही. बास्केटबॉलची गोष्ट निराळी आहे. त्याची जन्मतारीख ठाऊक आहे, जन्मस्थान ठाऊक आहे आणि जन्मदाताही ठाऊक आहे. मौज ही की, हा खेळ जितका करमणुकीसाठी निघाला तितकाच खेळाडूंच्या दांडगाईला आळा घालण्यासाठी निघाला. आंतरशालेय सामन्यांच्या दिवसांत ज्या प्रकारांमुळे शिक्षकांस व पालकांस मान खाली घालावी लागते, त्याच प्रकारांशी या गृहस्थाने जन्मभर झुंज दिली. म्हणून त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कानडा देशात, ओंटॅरिओ प्रांतातील आल्मोंट गावानजीक झाला. जेम्स नऊ वर्षांचा असताना विषमज्वराच्या साथीत आईबाप दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने वारले. पुढे आजीने व तिच्या पश्चात अविवाहित मामाने त्याचा सांभाळ केला. मामा कडक, पण अबोल मायेचा होता. एकदा गोठलेली नदी ओलांडताना जेम्सने वाट चुकविली व घोडे बर्फ फोडून पाण्यात गेले. पोराने एकट्याने धडपडून त्यांना वर काढले. मागे वळून पाहतो तो मामा झाडाआड उभा! प्रसंग मुलाने आपला आपण निभवावा म्हणून तो पुढे झाला नव्हता.

अभ्यासात मात्र जेम्सचे मन रमेना. हायस्कूल अर्ध्यावर सोडून तो जंगलात लाकूडतोडीच्या कामास गेला व चारपाच वर्षे तेथेच राहिला. तेथल्या मंडळींत राहून दारूची सवय जडली. एके दिवशी गुत्त्यात एका वृद्ध ओळखीच्या माणसाने त्याला त्याच्या मृत आईची आठवण करून दिली आणि त्या दिवसापासून त्याने पेल्यास स्पर्श केला नाही, असे चरित्रकार सांगतात. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास हा धिप्पाड तरुण लहान मुलांच्या शेजारी बाकावर पुन्हा येऊन बसला व त्याने हायस्कूल पुरे केले. लाज गिळून बाकावर बसणे हे लाकडे तोडण्याहून अवघड आहे, हे ज्यांना एखादे वर्ष मागे राहावे लागले आहे त्यांस सांगावयास नको.

१८८३ साली ते माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विश्वविद्यालयात दाखल झाले. पदवीनंतर धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशाने त्यांनी तेथेच धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. त्या काळी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने रग्बी फुटबॉल खेळावे हे कित्येकांस पाप वाटे. नेस्मिथ खेळत राहिले. एका रविवारी तर काळानिळा पडलेला डोळा घेऊनच ते प्रवचनास उभे राहिले. टीका करणाऱ्यांस याहून चांगले निमित्त ते कोणते मिळणार?

याच मैदानावर एक लहानशी गोष्ट घडली. सामना रंगात असताना त्यांच्या शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल सुटला व त्याच्या तोंडून अपशब्द बाहेर पडले. दुसऱ्याच क्षणी त्याची नजर नेस्मिथ यांजकडे गेली आणि तो वरमला. ते जवळ आहेत याचे भान राहिले नाही, क्षमा असावी, असे त्याने म्हटले. नेस्मिथ यांनी त्याला कधी उपदेश केलेला नव्हता. केवळ सरळपणे व जोमाने खेळणारा एक माणूस शेजारी असल्यामुळे दुसऱ्याला आपली जीभ आवरावीशी वाटली. व्यासपीठाप्रमाणेच क्रीडांगणावरूनही तरुणांच्या मनापर्यंत पोहोचता येईल, हा विचार त्यांच्या ठायी पक्का झाला. धर्मशास्त्राचा अभ्यास १८९० साली पुरा झाल्यावर ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत गेले.

तेथील व्यायामविभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर ग्यूलिक यांनी १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्यात एक धोंड बांधली. बाहेर बर्फ पडू लागले की फुटबॉल बंद होई आणि वसंत ऋतूत बेसबॉल सुरू होईपर्यंत विद्यार्थ्यांस व्यायामशाळेत कवायत व साधनांवरील कसरती कराव्या लागत. अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग या कवायतीस इतका विटला होता की त्याने दोन शिक्षकांस हात टेकावयास लावले होते. हा वर्ग नेस्मिथ यांच्या स्वाधीन झाला आणि घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास त्यांस चौदा दिवसांची मुदत मिळाली.

प्रथम त्यांनी जुने खेळच आत आणून पाहिले. फुटबॉल आणला तेव्हा लाकडी जमिनीवर आदळून हाडे मोडण्याची वेळ आली. पायाने खेळावयाचा चेंडू आणला तेव्हा खिडक्यांच्या काचा फुटल्या. लाक्रॉस नावाचा जाळीदार काठीचा खेळ आणला तेव्हा तोंडे ओरबाडली व हात सोलून निघाले. मुदत संपत आली. तेव्हा त्यांनी कागद पुढे घेऊन निराळ्याच रीतीने विचार आरंभिला. रग्बीत दांडगाई का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्यास पाडावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळण्याचीच मनाई केली तर पाडण्याचे कारणच उरत नाही. पुढे प्रश्न गोलाचा. गोल उभा असला की चेंडू जितका जोराने फेकावा तितका फायदा अधिक, आणि जोर आला की इजा आलीच. येथे त्यांना आल्मोंटच्या बालपणीचा एक खेळ आठवला. आपल्याकडील लगोरीची आठवण करून देणारा तो खेळ : मोठ्या दगडावर लहान दगड ठेवावयाचा व दुरून दगड मारून तो पाडावयाचा. त्यात आडदांडपणे फेकणाऱ्याचा दगड दूर जाऊन पडे व तो परत आणताना गडी बाद होई; हलक्या हाताने कमानीसारखा वर फेकणाराच बहुधा साधून जाई. गोल आडवा व डोक्याच्या वर टांगला तर जोराचा उपयोग नाही; नेम, संयम व हाताचा हलकेपणा यांचाच उपयोग.

त्यांनी संस्थेच्या नोकराकडे दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, तळघरात पीच फळांच्या दोन टोपल्या मात्र पडल्या होत्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, आणि आजही जगभर बास्केटबॉलच्या कड्याची उंची दहा फूटच आहे. तेरा कलमे लिहून, टंकलिखित करवून ती सूचनाफलकावर लावली. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना झाला. सर्व खेळात मिळून एकच गोल झाला.

या तेरा कलमांतील पाचवे कलम प्रत्येक खेळाडूने वाचावे असे आहे. प्रतिपक्ष्यास खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पायात पाय घालणे, मारणे यांची त्यात मनाई आहे. पहिल्या अपराधास फाउल. दुसऱ्या अपराधास पुढला गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. आणि इजा करण्याचा हेतू उघड दिसला तर तो संपूर्ण सामन्यास मुकला, व त्याच्या जागी दुसरा गडी घेता यावयाचा नाही. म्हणजे एकाच्या दुष्टपणाचा भार सगळ्या संघाने वाहावयाचा. एका बाजूने ओळीने तीन फाउल केले, मध्यंतरी दुसऱ्या बाजूकडून एकही झाला नाही, तर प्रतिपक्षाला एक गोल फुकट मिळे. खेळाडूंवर लक्ष ठेवण्यास एक पंच व चेंडूवर लक्ष ठेवण्यास दुसरा, अशी विभागणी होती. खेळाचे नियम लिहिणाऱ्याने हेतूचाही विचार करावा, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

पण नियम फलकावर लावल्याने माणसे बदलत नाहीत. पहिल्या सामन्याची हकीकत नेस्मिथ यांनी दोन प्रकारे सांगितलेली आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नियम आधी लागलेले दिसतात आणि खेळ, वारंवार फाउल होऊनही, सुरळीत पार पडलेला दिसतो. परंतु १९३९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्यांनी जे सांगितले, ज्याचे ध्वनिमुद्रण अलीकडे सापडले आहे, त्यात चित्र वेगळे आहे. मुलांनी एकमेकांस पाडण्यास, लाथा व ठोसे मारण्यास सुरुवात केली. कित्येकांचे डोळे काळे झाले, एकाचा खांदा निखळला, एक बेशुद्ध पडला. आणि त्यानंतर चेंडू घेऊन न पळण्याचा नियम आला. कोणती हकीकत तंतोतंत खरी याचा वाद विद्वानांनी घालावा. आम्हांस तर दुसरी ऐकून धीर आला. ज्या खेळास आज जग सभ्य म्हणते तो मारामारीतून वर आला असेल, तर आमच्या शाळांच्या मैदानांविषयी निराश होण्याचे कारण नाही.

शिक्षकही काही साधू नव्हते. ११ मार्च १८९२ रोजी सुमारे दोनशे प्रेक्षकांसमोर शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना झाला. विद्यार्थ्यांनी तो पाच विरुद्ध एक असा जिंकला. शिक्षकांकडून एकुलता एक गोल करणारे ॲमॉस अलोन्झो स्टॅग हे नामांकित फुटबॉलपटू. प्रत्येक झटापटीत ते असत आणि जुन्या सवयीने प्रतिपक्ष्यास ढकलून सारखे फाउल करीत, असे स्थानिक वर्तमानपत्राने छापले. गुरुजींचे नाव असे वर्तमानपत्रात आलेले पाहून विद्यार्थ्यांस काय आनंद झाला असेल!

खेळ वणव्यासारखा पसरला. पहिल्या सामन्यातील एक कर्णधार डंकन पॅटन यांनी १८९४ साली तो हिंदुस्थानात आणला. १९२० साली मद्रासेस शारीरिक शिक्षणाची संस्था काढणारे हॅरी क्रो बक हेही स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. परंतु खेळाबरोबर बखेडेही पसरले. सज्जात बसलेले प्रेक्षक आपल्या पक्षाचा चेंडू टोपलीत लोटीत व दुसऱ्याचा बाहेर ढकलीत. टोपलीमागे फळी लावण्याची पद्धत निघाली ती या प्रेक्षकांमुळे. बाहेर गेलेला चेंडू जो प्रथम गाठील त्याचा, असा आरंभी नियम असल्यामुळे जिन्यावर चेंगराचेंगरी होई. काही शहरांच्या वाय्. एम्. सी. ए. संस्थांनी तर दंग्याला कंटाळून खेळच बंद केला. दर वेळी नियमात दुरुस्ती झाली. वाईट वर्तनाची नवी युक्ती निघावी व तिच्या पाठोपाठ नवा नियम यावा, असाच या खेळाचा बराचसा इतिहास आहे.

१८९८ साली नेस्मिथ डॉक्टरीची पदवी मिळवून कॅन्सस विश्वविद्यालयात, लॉरेन्स येथे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९०७ पर्यंत तेथील बास्केटबॉल संघ त्यांच्याकडे होता. त्या काळात संघाने ५५ सामने जिंकले व ६० हरले. त्या विश्वविद्यालयाच्या संघाच्या सर्व शिक्षकांत ज्याच्या पराभवांची संख्या विजयांहून अधिक आहे असा एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक! पुढे नावारूपास आलेला त्यांचा शिष्य फॉग ॲलन जेव्हा बास्केटबॉलचा शिक्षक व्हावयास निघाला, तेव्हा हा खेळ शिकवावयाचा नसून खेळावयाचा आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. आम्हांस हे मत एकांगी वाटते. चांगल्या शिक्षकावाचून चांगला संघ होत नाही. पण जिंकण्याचा ध्यास वाढला की मुलगा मागे पडतो व गुणफलक पुढे येतो, हे भय मात्र खोटे नव्हते. १९२५ साली इंडियाना संस्थानातील हायस्कुलांचा अंतिम सामना पाहावयास ते गेले, तेव्हा सुमारे पंधरा हजार प्रेक्षक आरडाओरडा करीत होते. अठरा कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेला खेळ आता शाळकरी पोरांच्या खांद्यांवर सबंध गावाची अब्रू टाकू लागला होता.

खेळापासून त्यांनी पैसा केला नाही. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा त्यांना तेथे जाता यावे म्हणून अमेरिकेतील शिक्षकांनी वर्गणी जमविली. भर पावसात, चिखलात झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कानडास १९ विरुद्ध ८ असे हरविले. एक देश जन्माचा, दुसरा कर्माचा. दोन्ही संघांस पदके नेस्मिथ यांच्याच हस्ते मिळाली.

त्याच सुमारास लॉरेन्समध्ये एक लहानसे प्रकरण चालले होते आणि आमच्या मते ते बर्लिनहून मोठे आहे. जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९३३ साली कॅन्ससमध्ये शारीरिक शिक्षण शिकावयास आला. विश्वविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात त्याच्या वर्णाच्या मुलांस प्रवेश नव्हता. तो पोहण्याच्या तलावात उतरला तेव्हा तलावाचे पाणी सोडून देण्यात आले. संघाचे दार नेस्मिथ यांना उघडता आले नाही. ही त्यांच्या चरित्रातील उणीव आहे व ती झाकणे बरे नव्हे. सर्व नियमांचे पालन करूनही एखादा संघ अन्यायी असू शकतो, कारण त्यात कोणास घ्यावयाचे हे खेळाच्या नियमांत लिहिलेले नसते. परंतु त्या मुलाला त्यांनी आपला शिष्य म्हणून जवळ केले, तलावाच्या प्रकरणी त्याची बाजू घेतली आणि लॉरेन्स येथीलच हायस्कुलात बास्केटबॉल शिकविण्याचा अनुभव त्यास मिळेल अशी व्यवस्था केली. जो संघात खेळू शकत नव्हता तो शाळेतील मुलांस खेळ शिकवू लागला.

नेस्मिथ २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या तेरा कलमांचा टंकलिखित कागद २०१० साली ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकला गेला व आता तो कॅन्ससच्या विश्वविद्यालयात आहे. मॅक्लेंडन यांच्या टेनेसी येथील महाविद्यालयीन संघाने १९५७, १९५८ व १९५९ अशी ओळीने तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ यांच्या नावाने उभारलेल्या कीर्तिमंदिरात १९७९ साली या शिष्याचेही नाव दाखल झाले.