चिंतामणराव देशमुख : एका राजीनाम्याचा अर्थ

कोन-पनवेलचा परिसर पूर्वी ज्या कुलाबा जिल्ह्यात मोडत असे, त्याच जिल्ह्यातील नाते येथे १८९६ मध्ये चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तर १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून आले. प्रशासनात मुरलेल्या या विद्वानास जननेता म्हणणे कठीण. तथापि मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवून केंद्रशासित करण्याचे घोषित होताच १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे, की त्यांचा आक्षेप केवळ भाषिक नव्हता. मंत्रिमंडळास विश्वासात न घेता निर्णय जाहीर झाला, हीही त्यांची तक्रार होती. हा सांविधानिक मुद्दा बहुधा दुर्लक्षिला जातो. १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला, तेव्हा देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.