सावल्यांना चालायला शिकवणारी लोट्टे रायनिगर

२ मे १९२६. रविवारची सकाळ. बर्लिनमधील फोल्क्सब्यूने या नाट्यगृहात निमंत्रित मंडळी जमली होती. पण नाटकासाठी नव्हे, एका चित्रपटाच्या खेळासाठी. शहरातील एकही चित्रपटगृह तो लावण्यास राजी नव्हते, म्हणून हे नाट्यगृह घ्यावे लागले होते. चित्रपट जेमतेम तासाभराहून किंचित मोठा. त्यात एकही नट नव्हता, एकही बोलका चेहरा नव्हता. रंगीत पार्श्वभूमीवर हिंडणाऱ्या, लढणाऱ्या, प्रेमात पडणाऱ्या काळ्याभोर सावल्या तेवढ्या होत्या. या साऱ्या सावल्या कात्रीने कापून काढणारी दिग्दर्शिका तेव्हा २६ वर्षांची होती. तिचे नाव लोट्टे रायनिगर.

'राजपुत्र अहमदची साहसे' हा तो चित्रपट. त्याची कथा 'अरेबियन नाइट्स'च्या धाग्यांतून विणलेली. मराठी वाचकाला हे धागे परके नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास आरंभ केला, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी त्या दिव्याच्या उजेडात वाचल्या. उडता घोडा, परी बानू, अल्लाउद्दीन आणि त्याचा दिवा हे सारे रायनिगर यांच्या चित्रपटात आहे. लहान मुलांसाठीच्या परीकथेवर पूर्ण लांबीचा सचेतपट काढण्याचा मान पुष्कळदा वॉल्ट डिस्ने यांच्या 'स्नो व्हाइट'ला दिला जातो. तो पडद्यावर आला डिसेंबर १९३७ मध्ये, म्हणजे अहमदनंतर अकरा वर्षांनी. काटेकोर बोलायचे तर अर्जेंटिनात १९१७ सालीच असा एक प्रयत्न झाला होता, परंतु त्याची प्रत उरलेली नाही. आज पाहता येतो असा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा सचेतपट अहमदचाच.

लोट्टे यांचा जन्म २ जून १८९९ रोजी बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे झाला. आईवडिलांचे हे एकुलते एक अपत्य. कागद कापून आकृती काढण्याचा छंद जर्मनीत तेव्हा घरोघरी होता, पण या मुलीच्या हाताची गोष्ट वेगळी होती. आधी रेखाटन न करता ती सरळ कात्री चालवी आणि कागदातून घोडा, माणूस, झाड उतरे. घरात तिने सावल्यांचे छोटे नाट्यगृह थाटले होते आणि त्यावर शेक्सपिअरची नाटके ती घरच्यांना व शाळासोबत्यांना करून दाखवी.

चित्रपट ही त्या काळी नवलाईची गोष्ट. झॉर्झ मेलिएस यांच्या जादूभरल्या चित्रपटांनी या मुलीला झपाटले. पुढे १९१५ मध्ये नट आणि दिग्दर्शक पाउल वेगेनर यांचे एक व्याख्यान तिने ऐकले. कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी अद्भुताचे केवढे दालन उघडू शकते, हा त्यांचा विषय होता. वेगेनर यांच्यापर्यंत पोहोचायचे तर ते ज्या मंडळीत होते तिथे शिरले पाहिजे, असा हिशेब करून तिने आईवडिलांच्या मागे लागून मॅक्स रायनहार्ट यांच्या अभिनयशाळेत प्रवेश मिळवला. रंगमंचाच्या आडोशाला उभी राहून ती नटनट्यांच्या छायाकृती कापत असे. त्या वेगेनर यांच्या नजरेस पडल्या आणि त्यांनी आपल्या चित्रपटांची शीर्षके तिच्याकडून करून घेतली. १९१८ च्या 'हॅमेलिनचा पुंगीवाला' या चित्रपटाच्या वेळी खरे उंदीर कोणाचे ऐकेनात. तेव्हा लाकडाचे उंदीर करून, एकेक उंदीर बोटभर पुढे सरकवत, प्रत्येक वेळी एक चित्र टिपत त्यांची पळापळ उभी करावी लागली. त्या कामात लोट्टे यांचा हात होता. पुढच्या साऱ्या आयुष्याचे तंत्र त्या उंदरांनी शिकवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

वेगेनर यांच्याच ओळखीने बर्लिनच्या एका प्रयोगशील चित्रपटसंस्थेत त्यांना काम मिळाले. तिथे १९१९ मध्ये त्यांचा पहिला छोटा छायापट तयार झाला आणि तिथेच कार्ल कॉख भेटले. १९२१ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढील चार दशके पत्नीच्या सावल्यांवर कॅमेरा धरणारा माणूस हाच. १९२२ मध्ये रायनिगर यांनी ग्रिम बंधूंच्या संग्रहातली 'सिंड्रेला' पडद्यावर आणली. तिच्या आरंभी आपल्याला हात आणि कात्री दिसतात आणि काळ्या कागदातून सिंड्रेला कापून निघते. पुढे चपलेत पाय बसावा म्हणून सावत्र बहीण स्वतःचा पाय छाटते, तेही त्यांनी गाळलेले नाही. मुलांसाठी म्हणून कथा गुळचट करण्याची त्यांची रीत नव्हती.

१९२३ साली जर्मनीत चलनफुगवट्याने हाहाकार माजला होता. सकाळी हाती आलेल्या पगाराची किंमत संध्याकाळपर्यंत टिकेना. लुई हागेन नावाच्या एका बँकरने पैसा वाचवण्यासाठी कच्च्या फिल्मचा मोठा साठा विकत घेऊन ठेवला होता. या फिल्मवर पूर्ण लांबीचा चित्रपट करता येईल का, असे त्यांनी रायनिगर यांना विचारले. त्या काळी सचेतपट म्हणजे दहा मिनिटांचा, हसवण्यापुरता प्रकार. रायनिगर यांनी होकार दिला. पॉट्सडॅममधील हागेन यांच्या घराशेजारच्या गॅरेजच्या माळ्यावर चित्रशाळा थाटली गेली. छत बुटके होते. वर टांगलेला कॅमेरा आणि खालचे टेबल यांत पुरेसे अंतर राहावे म्हणून टेबल जमिनीलगत मांडले गेले, आणि दिग्दर्शिकेने तीन वर्षे बराचसा काळ गुडघ्यांवर बसून काम केले.

ही रीत सांगण्यास सोपी आणि करण्यास जीवघेणी. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांतून बाहुलीचे डोके, धड, दंड, हात, मांड्या, पाय असे सुटे भाग कापायचे आणि तारेने सांध्यात जोडायचे. ही बाहुली काचेच्या टेबलावर आडवी ठेवायची. काचेखाली दिवा, वर कॅमेरा. हात केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचे. पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा एक चित्र. राजपुत्राने मान वळवून पाहिले, एवढ्या क्षणासाठी कित्येक वेळा वाकायचे. जवळून दिसणाऱ्या प्रसंगासाठी तीच व्यक्तिरेखा मोठ्या आकारात निराळी कापायची. काचेचे थर एकावर एक ठेवून मागचा डोंगर आणि पुढचे झाड वेगवेगळ्या थरांवर मांडले की सपाट सावल्यांना खोली येते. ही युक्ती रायनिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या माळ्यावर वापरली. पुढे हॉलिवूडमध्ये तिची फार मोठी यंत्रे झाली आणि श्रेयही बरेचसे तिकडेच गेले.

गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. बेळगावच्या पलीकडे कर्नाटकात तोगलु गोंबेयाट आहे. ज्यांनी तो खेळ पाहिला आहे त्यांना रायनिगर यांचा चित्रपट पाहताना आपल्या ओळखीच्या मुलखात आल्यासारखे वाटेल. पडदा, दिवा आणि मध्ये एक कापलेली आकृती, इतकीच सामग्री. फरकही आहे. कर्नाटकातील चामड्याच्या बाहुलीतून उजेड आरपार येतो, तिचे रंग पडद्यावर उतरतात. रायनिगर यांची बाहुली ठार काळी असते. तिला डोळे नाहीत, ओठ नाहीत. भाव दाखवायचा तो खांद्याच्या उतारातून, मानेच्या झुकण्यातून, बोटांच्या टोकातून. परी बानूचा पिसांचा पोशाख हरवतो आणि ती अंग चोरून पळते, तेव्हा चेहरा दिसत नसूनही तिची लाज आणि भीती दोन्ही कळतात. चेहरा बघणाऱ्या मुलाने मनातच भरायचा असतो. आजच्या चकचकीत बालपटांत पापणीचा प्रत्येक केस दाखवला जातो. मुलांसाठी काही शिल्लक ठेवण्याची कला मात्र त्यात क्वचित दिसते.

त्या माळ्यावर प्रयोगशील चित्रपटांसाठी नाव मिळवलेले वाल्टर रुटमनही काम करत होते. जादूचे ढग, ज्वाळा, मायावी प्रकाश त्यांचे. सागराच्या लाटा बेर्टोल्ड बार्टोश यांच्या. देश कोसळत असताना राजपुत्र आणि परीच्या या गोष्टीचा १९२३ सालाशी संबंध काय, हा प्रश्न रुटमन यांनी रायनिगर यांना विचारला होता. त्यावर रायनिगर यांच्यापाशी मोठे तत्त्वज्ञान नव्हते. आपण आज जिवंत आहोत, संधी मिळाली आहे आणि हे करावेसे वाटते, एवढाच त्यांच्या उत्तराचा आशय होता. हा प्रश्न मात्र त्यांचा पाठलाग आयुष्यभर करत राहिला.

चित्रपटाचे दोषही नोंदवायला हवेत. आफ्रिकी जादूगार आणि चीनचा बादशहा यांच्या आकृती त्या काळच्या युरोपने पूर्वेकडे जशा डोळ्यांनी पाहिले तशाच डोळ्यांनी कापलेल्या आहेत. आजचा प्रेक्षक तिथे अडखळतो आणि ते योग्यच आहे.

बर्लिनमधील त्या सकाळच्या खेळाला टाळ्या पडल्या, पण खरे यश पॅरिसने दिले. तिथेच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार यांच्याशी स्नेह जुळला. १९२८ मध्ये ह्यू लॉफ्टिंग यांच्या 'डॉक्टर डूलिटल'वरील छायापट आला. प्राण्यांची भाषा जाणणाऱ्या या डॉक्टरचा जन्म पहिल्या महायुद्धातील खंदकांत झाला होता. आघाडीवरची भीषणता मुलांना कळवणे नको म्हणून लॉफ्टिंग पत्रांतून ही गोष्ट रचून पाठवत. रुटमन यांच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर शोधून सापडणार नाही.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. रायनिगर आणि कॉख ज्यू नव्हते. परंतु त्यांचे पुष्कळ मित्र ज्यू होते आणि दोघांची मते नव्या राजवटीला मानवणारी नव्हती. त्यांनी देश सोडला, पण कोणताच दुसरा देश त्यांना कायमचे राहू देईना. परवान्याची मुदत संपली की पेटी बांधायची, पुढच्या देशात जायचे. लंडनमध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी त्यांनी छायापट केले. फ्रान्समध्ये रेन्वार यांच्या 'ला मार्सेयेझ'मधला सावल्यांच्या खेळाचा प्रसंग त्यांचा आहे. ग्रीसमध्ये तिथल्या पारंपरिक छायानाट्याचा त्यांनी अभ्यास केला. पुढे युद्ध पेटले आणि दोघे इटलीत अडकले. या भटकंतीत सामान किती नेता येणार? कात्री आणि काळा कागद कुठेही मिळत असे, एवढाच काय तो त्यांच्या कलेचा फायदा.

युद्धाच्या अखेरच्या काळात आजारी आईच्या काळजीने रायनिगर बर्लिनला परतल्या. ज्या राजवटीपासून दूर गेल्या होत्या तिच्याच राज्यात, आकाशातून बाँब पडत असताना, त्यांना काम करावे लागले. तेव्हाही हाती होती ती परीकथाच: ग्रिम बंधूंची सोन्याच्या हंसिणीची गोष्ट. तो चित्रपट त्यांच्या मनाप्रमाणे पूर्ण झाला नाही. १९४५ मध्ये बर्लिनच्या लढाईत 'राजपुत्र अहमद'ची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. तीन वर्षे गुडघ्यांवर बसून केलेल्या कामाची ती राख होती.

१९४९ च्या सुमारास रायनिगर आणि कॉख लंडनमध्ये स्थायिक झाले. तिथे एक जुना धागा पुन्हा हाती आला. पॉट्सडॅमच्या त्या बँकरचा मुलगा, त्याचेही नाव लुई हागेन. ज्यू कुटुंबातील या मुलाला नाझींनी किशोरवयातच छळछावणीत डांबले होते. सुटल्यावर तो इंग्लंडला पोहोचला आणि ब्रिटिश सैन्यातून आर्नहेमच्या लढाईत उतरला. आता त्याने रायनिगर यांच्यासह चित्रपटसंस्था उभारली. बापाच्या गॅरेजवर जे सुरू झाले होते ते मुलाने परक्या देशात पुन्हा सुरू करून दिले. १९५३ ते १९५५ या अवघ्या दोन-तीन वर्षांत 'सिंड्रेला', 'झोपलेली राजकन्या', 'हॅन्सेल आणि ग्रेटेल', 'थम्बेलिना', 'बुटातले मांजर' असे डझनभराहून अधिक छोटे छायापट तयार झाले आणि दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. 'शूर शिंप्या'च्या कथेला १९५५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. घाईत केलेल्या या चित्रपटांत अहमदची श्रीमंती नाही, हे खरे. पण रेषा तीच आणि बोटांची लकब तीच.

१९६३ मध्ये कार्ल कॉख गेले. कॅमेऱ्यामागचा तो माणूस नाहीसा झाल्यावर रायनिगर यांचे चित्रपट थांबले. दशकभर त्या जवळजवळ विस्मृतीत होत्या. १९७० मध्ये छायानाट्य आणि छायापटांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यात कात्री कशी धरायची इथपासून सारे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. मायदेशाला त्यांची आठवण झाली, सन्मान झाले. वयाच्या पंचाहत्तरीत कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्या पुन्हा काचेच्या टेबलाशी बसल्या आणि 'ओकासाँ आणि निकोलेत' ही फ्रेंच मध्ययुगीन प्रेमकथा त्यांनी सावल्यांत मांडली. १९७९ मध्ये थॅकरे यांच्या 'गुलाब आणि अंगठी' या परीकथेवरचा चित्रपट आला. तेव्हा त्या ८० वर्षांच्या होत्या.

१९ जून १९८१ रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेननजीकच्या डेटेनहाउझेन या गावी त्यांचे निधन झाले. 'राजपुत्र अहमद'ची एक जुनी प्रत लंडनच्या चित्रपट संग्रहालयात शिल्लक होती. तिच्या आधाराने विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकफुर्ट आणि बोलोन्या येथील तज्ज्ञांनी चित्रपट मूळ रंगछटांसह पुन्हा उभा केला. ज्या बाहुल्या बाँबच्या वर्षावातून आणि देशोदेशींच्या पेट्यांतून वाचल्या, त्यांतल्या कित्येक ट्यूबिंगेनच्या शहर संग्रहालयात काचेआड ठेवल्या आहेत. त्यांच्या सांध्यांतल्या तारा अजून दिसतात.